पाणछत्रीची जाऊ

वीटभट्टीच्या मागे गाड्यांचा रस्ता संपतो, आणि तिथून पुढे जमीन हळूहळू आपला शब्द फिरवते. आधी ती पायाखाली टणक असते, मग मऊ होते, मग डुलायला लागते, आणि शेवटी आपण जमीन आहोत की पाणी हे तिचं तिलाही सांगता येत नाही. त्या दलदलीत लव्हाळे आहेत, पाणकणसं आहेत, बेडकांची गावंच्या गावं आहेत. आणि या सगळ्यांच्या मधून, कुणी पेरलेली नसताना, पाणछत्री उगवते. कातरलेली पानं गाजराच्या पाल्यासारखी, देठ हिरवा आणि आतून पोकळ, आणि हंगाम सरत आला की डोक्यावर पांढऱ्या बारीक फुलांची छत्री. त्या छत्रीच्या प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक चिमुकली छत्री. गाजर, कोथिंबीर, बडीशेप या घरंदाज मंडळींच्या कुळातली ही रानात वाढलेली लेक. वाफ्यात लावून, खत घालून, लाड करून तिला माणसाळवायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला. ती पिवळी पडली, पण माणसाळली नाही.

तिच्याइतकीच न माणसाळलेली एक बाई त्या दलदलीत उतरायची. बाजारात तिला नाकवाली म्हणत. समोरासमोर मावशी म्हणत, पण पाठ वळली की नाकवाली, आणि तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

नाक काही मोठं नव्हतं, थोडं बसकंच होतं. पण त्या नाकावर सबंध बाजाराचा जीव विसंबून होता, आणि हे शोभेसाठी म्हटलेलं नाही. पाणछत्रीला एक जाऊ आहे. तिला दुसरं नाव कुणी दिलं नाही, सगळे जाऊच म्हणतात. एकाच चिखलात राहते, एकाच पाण्यावर वाढते. तशीच पानं, तशीच पोकळ दांडी, तशीच पांढरी छत्री. शेजारी शेजारी उभ्या असल्या की एका घरात दिलेल्या दोघी वाटाव्यात. पण पाणछत्री उकळत्या पाण्यात टाकली की घरभर भूक पसरते, आणि तिची जाऊ पोटात गेली की आधी ओठ बधिर होतात, मग हातपाय, आणि माणूस शुद्धीवर असतानाच श्वासाला मुकतो. जून झाली की जावेच्या दांडीवर जांभळे ठिपके उमटतात, तेव्हा तिला कुणीही ओळखेल. भाजीला मात्र देठ लागतात कोवळे, आणि कोवळेपणी दोघींचा चेहरा एक. फरक फक्त वासाचा. देठ मोडला की पाणछत्रीला बडीशेपेचा, ओल्या मातीचा आणि किंचित लिंबाच्या सालीचा वास येतो. जावेला येतो उंदराच्या बिळाचा.

नाकवालीला हे तिच्या सासूने शिकवलं होतं. त्या सासूला सगळे थोरली म्हणत. थोरली फार बोलायची नाही. तिने सुनेला पाण्यात उभं केलं, हातात विळा दिला आणि म्हणाली, "पाण्याच्या वर काप. मुळाला हात लावायचा नाही, मूळ आपलं नव्हे. मोड, हुंग, मग टोपलीत." बस्स, एवढीच शाळा. आणि देठांची जुडी बांधायची ती पाणछत्रीच्याच एका लांब देठाने, दोरा नाही, सुतळी नाही. गाठ मारली की तिचं टोक दातांत धरून आवळायची. पाणछत्रीच्या धंद्यात ही दातांची गाठ म्हणजे शपथ होती. विकणारीने आधी आपल्या तोंडात घातलं, मग गिऱ्हाइकाच्या पिशवीत. गाठीवर दातांची खूण नसेल तर जाणतं गिऱ्हाईक जुडीला हात लावत नसे.

"म्हातारीची थुंकी आपल्या सगळ्यांच्या पोटात आहे," समोरचा कांदेवाला म्हणायचा. "म्हणून तर बाजारातले सगळे भांडखोर निघालेत."

"तुझ्या पोटात काय आहे ते तुझ्या कांद्यांना विचार," नाकवाली म्हणायची. "सगळे सारखे रडवतात."

असं त्यांचं चालायचं. तिचा ओटा बाजाराच्या तोंडाशी, नळाजवळ. दगडी, मधोमध खोलगट झालेला. आधी थोरली त्यावर बसायची, मग ही. ओट्यावर दुसऱ्या कुणाची टोपली क्षणभर टेकली तरी ती अशी बघायची की टोपली आपोआप उचलली जायची.

घरी एक मुलगा होता, पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, हात कायम ग्रीसने काळे, स्वभावाने लोणी. आणि त्याची बायको. सून डोंगरापलीकडच्या कोरड्या मुलखातली, जिथे पाणी फक्त नळात असतं आणि तेही रुसलेलं. लग्नाआधी ती साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळायची. नाकवालीने तिला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "स्वयंपाक तू बघ, घर तू बघ, मी काही बोलणार नाही. टोपलीला मात्र हात लावायचा नाही. साबणाने धुतलेल्या नाकाला दलदल कळत नाही." सून फारशी बोलायची नाही, पण ती ऐकून घेते आहे की गिळते आहे हे सांगणं कठीण होतं.

त्या वर्षी थंडीत नाकवालीला ताप आला. अंगातून ताप गेला, पण जाताना एक वस्तू उचलून घेऊन गेला.

तिला ते कळलं चुलीपाशी. ती शेकत बसली होती, आणि सून बाहेरून धावत आत आली. "आई, अहो दूध करपलं! एवढा वास सुटलाय, तुम्ही इथेच बसलाय ना?"

नाकवालीने भांड्याकडे पाहिलं. दुधाचा काळा थर झाला होता, धूर निघत होता. तिला वास काहीच येत नव्हता. जणू भांडं चित्रातलं होतं.

"करपू दे," ती म्हणाली. "मला करपलेलंच आवडतं." आणि तिने ते दूध खरंच प्यायलं, सुनेच्या डोळ्यांत डोळे घालून, शेवटच्या घोटापर्यंत. त्याला चवही नव्हती. गरम पाणी होतं ते, दाट.

मग ती एकटी असताना तिने घर हुंगून काढलं. साबण, रॉकेल, मुलाचे ग्रीसचे कपडे, कोपऱ्यात कुजलेला बटाटा. काही नाही. दलदलीत उतरली तर दलदलही मुकी झालेली. आयुष्यभर ती पाण्यात पाय घालायची तेव्हा पाणी तिच्याशी बोलायचं. आज कुजलंय, आज वरून नवं आलंय, आज साप गेलाय इथून. आता पाणी फक्त ओलं होतं.

दुसरी कुणी असती तर बसून रडली असती. ही संतापली. कोणावर संतापायचं हे तिला कळेना, म्हणून ती तापावरच संतापली. "नेलंस ना? ने. माझे डोळे आहेत, बोटं आहेत. थोरली गेली त्याच्याही आधीपासून मी या चिखलाला ओळखते." आणि तिने कुणालाही काही सांगितलं नाही. ती फक्त ओळखीच्या जागी जाऊ लागली, भट्टीच्या बाजूच्या उथळ पाण्यात, जिथे जाऊ तिने कधी पाहिली नव्हती. देठ मोडायची, सवयीने नाकाशी न्यायची, आणि टोपलीत टाकायची. नाकाशी नेताना तिला स्वतःचीच लाज वाटायची. आपण हुंगायचं सोंग करतोय, आणि बघणारं तर कुणीच नाही, पाणकणसांशिवाय.

एका सकाळी ती मागच्या खोलीत बसून जुड्या बांधत होती. जमिनीवर गोणपाट, गोणपाटावर देठांचा ढीग. दाराबाहेर सून कपडे पिळत होती. बांधायला लांब देठ कमी पडले, म्हणून नाकवालीने ढिगातून एक छान लांबसडक, लवचिक देठ ओढला. असा सरळ देठ पाणछत्रीला क्वचित येतो. तिला बरं वाटलं. तिने तो जुडीभोवती दोनदा फिरवला, गाठ घातली, आणि टोक दातांत धरायला मान खाली घातली.

तेवढ्यात तिच्या हातावर फटका बसला.

जुडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडली. सून समोर उभी होती, हात ओले, ओठ पांढरे. सासूवर उगारलेला हात तिने लगेच पाठीमागे नेला.

"काय गं!" नाकवाली ओरडली. "वेड लागलं का तुला?"

"जाऊ आहे ती."

"कोण म्हणतं?"

"वास येतोय. मला दारातून आला. उंदराच्या बिळाचा, तुम्हीच सांगता तसा."

"तुला काय कळतंय! साबणवाली!"

सून गेली, पडलेली जुडी उचलली, बांधलेला देठ सोडवून मधोमध मोडला आणि सासूच्या नाकाखाली धरला. "घ्या. तुम्हीच सांगा काय वास येतोय."

बाहेर कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. नाकवालीने श्वास ओढला, पुन्हा ओढला, इतक्या जोरात की छाती दुखली. तिने सुनेकडे पाहिलं, आणि सुनेने तिच्याकडे, आणि सगळं सांगून झालं.

"केव्हापासून?" सुनेने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"दुधाच्या दिवसापासून ना?"

नाकवाली उठली, सगळा ढीग गोणपाटात गुंडाळला, चांगलं वाईट काही निवडलं नाही, आणि परसात खड्डा खणून पुरला, कुणाची शेळी बकरी खाऊ नये म्हणून. बांधून ठेवलेल्या जुड्याही पुरल्या. माती ओढताना ती पुटपुटत होती, आणि ती काय पुटपुटत होती ते मातीला माहीत.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा त्याला सुनेने सांगितलं. तो आईसमोर मांडी घालून बसला, काळे हात मांडीवर ठेवून. "आई, आता बस कर. पुष्कळ केलंस. मी कमावतोय ना? घरात बस, आराम कर."

"आराम मेल्यावर पुरून उरतो."

"आणि कुणाच्या घरात जाऊ गेली तर? तू स्वतःला माफ करशील?"

हा घाव खरा होता, म्हणून ती उठली आणि विळ्याला धार लावायला बसली. मुलाला वाटलं आई ऐकेना. म्हणून दुसऱ्या दिवशी तो भाबडा कांदेवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "काका, तुमचं ती ऐकते, जरा समजवा तिला, नाक गेलंय तिचं." कांदेवाल्याचं मन चांगलं होतं, पण तोंडाला झाकण नव्हतं. दुपारपर्यंत नळावर पाणी भरणाऱ्या बायकांपासून चाकू परजणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं, की नाकवालीला नाक नाही.

पुढच्या बाजारी नाकवाली गेली. टोपली न घेता गेली. रिकाम्या ओट्यावर, थोरलीच्या खोलगट जागेत, हात गुडघ्यांवर ठेवून बसली. लोक येत, बघत, कुजबुजत, पुढे जात. प्लास्टिकच्या बादल्या विकणारा एकजण आपली बादल्यांची उतरंड घेऊन जवळ घुटमळत होता. त्याला नळाजवळची जागा कधीपासून हवी होती.

शेवटी बाजाराचा मुकादम आला. तो वाईट माणूस नव्हता, पण काठी हातात असली की माणसाला काहीतरी ठोकावंसं वाटतंच. त्याने ओट्यावर काठी वाजवली.

"मावशी, माल नाही, मग ओटा कशाला अडवलाय? सोडा आता."

"का सोडू?"

"सगळा बाजार म्हणतोय. नाक गेलंय तुमचं."

"नाक गेलंय," ती म्हणाली. "बूड नाही गेलं. मला बसता येतं."

कांदेवाला फसकन हसला आणि लगेच कांदे रचायला लागला. मुकादमालाही हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. "हे बघा, पुढच्या बाजाराला ओट्यावर माल दिसला पाहिजे, आणि तो घेणारं कुणीतरी दिसलं पाहिजे. नाहीतर ओटा या बादलीवाल्याला. आणि कुणी आजारी पडलं तर मी तुम्हाला ओळखत नाही, सांगून ठेवतो."

"तू मला आत्ता तरी कुठे ओळखतोस," नाकवाली म्हणाली.

पण घरी जाताना तिची पावलं जड होती. माल आणायचा तर नाक हवं. नाक घरातच होतं, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायचं तर तिला स्वतःचे इतक्या वर्षांचे शब्द गिळावे लागणार होते. ते देठांसारखे कोवळे नव्हते.

सून भांडी घासत होती. नाकवाली तिच्यामागे उभी राहिली. बराच वेळ राहिली. मग म्हणाली, "तुझ्या पायाचं माप काय?"

"का?"

"थोरलीचे रबरी बूट आहेत माळ्यावर. तुला होतील असं वाटतं."

सुनेने भांडं खाली ठेवलं. हात पुसले. वळली. "मी येते," ती म्हणाली. "पण एक सांगते, आई. नुसतं हुंगायला येणार नाही. मी काही कुत्री नाही, की हुंगवून घेतलं आणि बांधून ठेवलं. कापायचं शिकवा. आणि बाजारात ओट्यावर मी बसणार. तुमच्या शेजारी. मागे नाही, खाली नाही, शेजारी."

नाकवालीच्या तोंडात एक शिवी आली होती. तिथेच तिला वाटलं, थोरलीसमोर आपण असं बोललो असतो तर? बोलायची हिंमत झाली असती? आणि तिला त्या पोरीचा हेवा वाटला.

"ओटा अरुंद आहे," ती म्हणाली.

"मी बारीक आहे," सून म्हणाली.

पहाटेच्या धुक्यात दोघी उतरल्या. सुनेला पाण्याची भीती होती, आणि ती लपवायचा प्रयत्न तिने केला नाही, हे नाकवालीला आवडलं. गुडघ्यापर्यंत आत गेल्यावर सुनेचा एक बूट चिखलाने धरून ठेवला. ती ओढू लागली तशी आणखी रुतली.

"ओढू नकोस. पायाला सांग, थांब जरा. चिखलाला घाई नसते, घाई केली की तो चिडतो. हां. आता टाच उचल."

बूट सुटला. सुनेच्या तोंडून श्वास सुटला. मग दोघींनी कापायला घेतलं. नाकवाली दाखवत होती. हा नको, हा जून झालाय. हा बघ, बोटाने दाबला की कुर्रर्र करतो, हा कोवळा. पाण्याच्या वर काप, मुळाला धक्का नको. हिचं फूल यायला लागलं की कापणं बंद, मग ही दलदल पांढरीशुभ्र होते आणि आपण काठावर उभं राहून नुसतं बघायचं, बी पडू द्यायचं. सून मोडत होती, हुंगत होती, टोपलीत टाकत होती. तिचं हुंगणं सासूपेक्षा वेगळं होतं. सासू झटकन नाकाशी नेऊन टाकायची, ही डोळे मिटायची. कारखान्यात वड्यांचे वास वेगळे ओळखायला डोळे मिटूनच शिकवलं होतं तिला.

एका बांधापाशी फार सुंदर देठ होते. नाकवालीने स्वतः कापले, ओंजळभर. "ही माझी जुनी जागा. इथे जाऊ कधीच आली नाही."

सुनेने एक मोडला. डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. कपाळाला आठी पडली. "हे नको."

"अगं, हे तर सोनं आहे! पान बघ, दांडी बघ."

"नक्की नाही सांगता येत. पण नको वाटतं."

"नको वाटतं म्हणजे? वास येतो की नाही येतो?"

"येतो न येतो. नको."

नाकवालीचा हात त्या ओंजळीवर घट्ट झाला. आयुष्यभराची तिची नजर सांगत होती, ही पाणछत्रीच आहे, अस्सल. कदाचित होतीही. ते आता कुणाला कधीच कळणार नाही. कारण तिने ती सगळी ओंजळ पाण्यात टाकली, आणि देठ तरंगत लव्हाळ्यांत गेले, आणि तिने तिकडे पाठ फिरवली. "तुझं नाक नको म्हणालं ना, मग नको. पुढे चल. आणि माझ्याकडे असं बघू नकोस, पाय कुठे टाकतेस ते बघ."

घरी जुड्या बांधायला सून बसली. नाकवाली समोर. सुनेने देठ फिरवला, गाठ घातली, आणि बोटांनीच आवळली. दुसरी जुडी, तीही बोटांनी. नाकवालीने पाहिलं. पोरीने देठ हुंगला होता, पण स्वतःच्या तोंडात घालायची तिची हिंमत होत नव्हती. स्वतःच्या नाकावर अजून तिचाच विश्वास बसला नव्हता. नाकवालीच्या जिभेवर बोलणं आलं, आणि तिने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते तिथेच ठेवलं.

बाजाराच्या दिवशी दोघी ओट्यावर बसल्या, खांद्याला खांदा. ओटा खरंच अरुंद होता. समोर हिरव्यागार जुड्या मांडलेल्या, वर पाणी शिंपडलेलं. आणि त्यांच्याभोवती रिकामी जागा, जणू कुणी खडूने वर्तुळ काढलंय. लोक वर्तुळाच्या कडेपर्यंत येत आणि वळत. बादलीवाला बादल्या अंगाखांद्यावर घेऊन उभाच होता.

खाणावळवाली आली. जाडजूड, मोठ्या आवाजाची, नाकवालीचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. तिनेही वर्तुळाच्या कडेवर पाय थांबवले.

"मावशी, माझ्याकडे माणसं जेवायला येतात गं," ती म्हणाली. खरंच वाईट वाटलं होतं तिला. "मरायला नाही येत."

"काल कोण जेवून मेलं?"

"तसं नव्हे. पण लोक म्हणतात..."

"लोक काय म्हणतात ते मीच सांगते." नाकवाली उठली, ओट्यावरच उभी राहिली, आणि तिचा आवाज नळापासून चाकूवाल्यापर्यंत गेला. "ऐका! माझं नाक गेलं. तापाने नेलं. दूध करपलं तरी मला कळत नाही, आणि हा कांदेवाला आंघोळ करत नाही तेही आता कळत नाही. हा माल मी नाही हुंगला. हा हिने हुंगला. माझ्या सुनेने. काय म्हणायचंय ते आता माझ्या तोंडावर म्हणा!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "साबणाच्या कारखान्यातली ना ती?" आणि दोनचार जण हसले.

नाकवाली खाली बसली. तिने समोरची एक जुडी उचलली, गाठ सोडली, आणि देठांचा झुबका मुठीत धरला. तिला काय करायचंय ते सुनेच्या लक्षात आलं.

"आई." सुनेने तिचं मनगट धरलं. आवाज अगदी खालचा. "आई, थांबा. द्या इकडे. पुन्हा एकदा हुंगते."

"एकदा हुंगलंस ना?"

"हो, पण..."

"मग झालं."

"कच्चंच? एवढं सगळं? अहो, एकदाच, फक्त एकदा बघू द्या."

"माझ्या सासूने मला देठ दुसऱ्यांदा हुंगायला कधी दिला नाही," नाकवाली म्हणाली, आता तीही हळू बोलत होती, फक्त सुनेला ऐकू जाईल एवढं. "दुसऱ्यांदा हुंगतं ते नाक नव्हे, भीती. सोड हात."

सुनेने हात सोडला.

नाकवालीने पहिला देठ खाल्ला. कुर्रर्र आवाज झाला, शेजारच्या ओट्यापर्यंत ऐकू गेला. मग दुसरा. मग पाल्यासकट तिसरा. तिला काही चव लागत नव्हती, दोरखंड चावल्यासारखं वाटत होतं, पण ती चावत राहिली, एकेकाच्या डोळ्यांत बघत, बादलीवाल्याच्या, मुकादमाच्या, मागून हसणाऱ्यांच्या. सबंध जुडी संपली. तिने हात झटकले, नळाचं पाणी ओंजळीने प्यायली आणि पुन्हा येऊन बसली. "आता बघा," ती म्हणाली. "मी इथेच आहे. मला काही काम नाही."

मग बाजाराने बघितलं. लोक भाज्या घेत होते आणि बघत होते, भाव करत होते आणि बघत होते. मुकादम उगाचच त्या बाजूने पुन्हा पुन्हा गेला. सून गोठल्यासारखी बसली होती, सासूच्या ओठांवरून तिची नजर हलत नव्हती. ते बधिर होतायत का, रंग बदलतोय का. ऊन ओट्यावरून सरकलं, नळाजवळ गेलं.

"काय म्हातारे," कांदेवाल्याने शेवटी न राहवून विचारलं, "कसं वाटतंय?"

"तुझं तोंड पाहून मळमळतंय. पण ते रोजचंच."

"ओठ? बोटं?"

"ये जवळ, बोटं चालतात का ते गालावर दाखवते."

कांदेवाला इतका खूश झाला की त्याने एक कांदा उडवून झेलला. हसू बाजारभर फिरलं, आणि त्या हसण्याने खडूचं वर्तुळ थोडं पुसलं गेलं.

बाजार उठायच्या सुमाराला खाणावळवाली परत आली. कमरेवर हात ठेवून तिने नाकवालीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ती वर्तुळ ओलांडून थेट ओट्यापाशी आली, एक जुडी उचलली आणि गाठ उलटसुलट करून पाहिली.

"ही दातांची नाही," ती म्हणाली.

"नाही," सून म्हणाली.

"मग मला नको. म्हातारीने खाल्ली, ती म्हातारीची जिद्द झाली. मला हुंगणारीची गाठ पाहिजे."

सुनेने सासूकडे पाहिलं नाही. तिने खाणावळवालीच्या हातातून जुडी घेतली, गाठ सोडली, देठ पुन्हा फिरवला. एकदाच फिरवला, हुंगला नाही. टोक दातांत धरलं आणि मान मागे घेऊन गाठ अशी ओढली की देठ करकरला. ओठांच्या कडेला हिरवा रस आला. तिने तो पुसला नाही, गिळला.

खाणावळवालीने गाठीवरून अंगठा फिरवला. खूण होती. "अशाच सगळ्या आवळून दे," ती म्हणाली. "उरलेल्या सगळ्या."

सून एकेक जुडी सोडून आवळायला लागली. बादलीवाल्याने बादल्या उचलल्या आणि तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला, एकात एक घातलेल्या बादल्यांचा खडखडाट करत. मुकादम लांब उभा राहून काठीने जमीन उकरत होता. नाकवालीने त्याच्याकडे हनुवटी उचलून पाहिलं, तशी त्याने काठी बगलेत मारली आणि दुसरीकडे बघायला लागला.

"कशी लागते?" नाकवालीने सुनेला विचारलं. नजर अजून मुकादमावरच होती.

सुनेने दातांतलं टोक सोडलं. जिभेने ओठ चाटले. "आधी कडू. मग थंड, लिंबाच्या सालीसारखं काहीतरी. आणि मग, बऱ्याच वेळाने, मागे गोड."

नाकवालीने आवळलेली एक जुडी उचलून गाठ चाचपली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुला कळतं का ते बघत होते. आणि ही गाठ सैल आहे, पुन्हा आवळ."